जार्डिनची गोष्ट सिडनीला संपवू नका

मराठीत क्रिकेटच्या गोष्टी लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या आणि मोबाइलवर दाखवणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी एक निवृत्त पंच. मोठ्या सामन्यांचा नव्हे, मैदानावरचा. तीसेक वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे उभा राहिलो. कांगा लीगच्या पावसाळ्यात घोट्याएवढ्या चिखलात आणि गुडघ्याएवढ्या गवतात चेंडू शोधणाऱ्या पोरांकडे बघत छत्री धरली. आता गुडघे बोलतात, म्हणून मी ऐकतो. ऐकतो म्हणजे तुम्हालाच ऐकतो. तुमच्यापैकी कित्येकांचं काम मला मनापासून आवडतं. पण एका माणसाच्या बाबतीत तुम्ही सगळेच्या सगळे एकाच जागी थांबता, म्हणून हा कागद काळा करतोय.

डग्लस रॉबर्ट जार्डिन.

ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका, जवळ आली की बॉडीलाइन, म्हणजे लेगला माणसं लावून फलंदाजाच्या अंगावर आखूड चेंडू टाकायचा डाव, निघणारच. इंग्लंडचा १९३२-३३ चा ऑस्ट्रेलिया दौरा, त्यांच्या ब्रॅडमनला रोखण्याचा कट, इंग्लंडच्या लारवूडचा वेग, ॲडलेडला छातीवर चेंडू लागून वाकलेला ऑस्ट्रेलियाचा कप्तान वुडफुल, कवटीला मार बसून कोसळलेला ओल्डफील्ड आणि रंगीबेरंगी टोपी घातलेला, नाक वर करून उभा असलेला इंग्लंडचा कप्तान. मग तुमचा आवाज खर्जात जातो, ‘क्रिकेटचा सर्वात मोठा खलनायक’ हे शब्द येतात आणि संपलं. २८ फेब्रुवारी १९३३ ला सिडनीची पाचवी कसोटी आटोपली, मालिका ४-१ अशी इंग्लंडनं घेतली, पडदा.

आमचा चार निवृत्त पंच आणि दोन स्कोअरर यांचा एक अड्डा आहे. चहा तिथलाच, वाद तेच. परवा एकानं विचारलं, ‘जार्डिनचं पुढे काय झालं रे?’ सहाही जण आयुष्यभर क्रिकेटमध्ये काढलेले. एक म्हणाला, दारू पिऊन मेला. दुसरा म्हणाला, त्याच्यावर आजन्म बंदी घातली होती. तिसऱ्यानं तर त्याला ऑस्ट्रेलियात कुणीतरी बदडल्याचं सांगितलं. तिन्ही गोष्टी खोट्या. आणि दोष आमच्या म्हातारपणाचा नाही, तुमच्या गोष्टीचा आहे. तुम्ही त्या माणसाचं सत्तावन्न वर्षांचं आयुष्य पाच महिन्यांत बसवलं.

पहिली गोष्ट तर अशी की तो जन्मला मलबार हिलवर. २३ ऑक्टोबर १९००. बाप माल्कम जार्डिन मुंबईच्या हायकोर्टात बॅरिस्टर, पुढे मुंबई इलाख्याचा ॲडव्होकेट जनरल. हा बापही क्रिकेटवाला. १८९२ साली ऑक्सफर्डकडून केंब्रिजविरुद्ध १४० धावा काढलेला. पोरगा नऊ वर्षांचा झाला तसा त्याला स्कॉटलंडला मावशीकडे धाडला. त्या काळी साहेब लोकांत तीच रीत होती. मुलं बोटीत बसवून ‘होम’ला पाठवायची आणि आईबापांनी इथे पंख्याखाली बसून त्यांच्या पत्रांची वाट बघायची. नऊ वर्षांच्या वयात आईबाप समुद्रापार ठेवून परक्या घरात वाढलेला पोरगा पुढे तुटक, गप्प आणि कुणाला जवळ येऊ न देणारा निघाला, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून नोंदवू नका.

तिथून विंचेस्टरची शाळा. १९१९ साली तो शाळेचा कप्तान असताना बारा वर्षांनी विंचेस्टरनं ईटनला हरवलं. मग ऑक्सफर्ड. १९२१ मध्ये आर्मस्ट्राँगच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध तो ९६ वर नाबाद होता आणि सामना संपला. चार धावा राहिल्या. तुमच्यातले काही जण ऑस्ट्रेलियाबद्दलचा त्याचा आकस या चार धावांपासून सुरू करतात. मला ते फार सोयीचं वाटतं. माणसं चार धावांसाठी बारा वर्षं डूख धरत नाहीत. (धरतात म्हणा. आमच्या मैदानावर एक जण एका पायचीतसाठी माझ्याशी नऊ वर्षं बोलला नव्हता.) १९२८-२९ च्या दौऱ्यात तिथल्या प्रेक्षकांनी त्याच्या टोपीवरून, त्याच्या चालण्यावरून, त्याच्या साहेबी तोऱ्यावरून त्याला जे धुतलं ते मात्र त्याच्या मनात बसलं असणार.

बॉडीलाइनमध्ये मी शिरत नाही. ते तुम्हाला पाठ आहे. फक्त पंच म्हणून दोन शब्द बोलू द्या, कारण तुमच्या गोष्टीत पंच नसतातच. त्या पाचही कसोट्यांत जॉर्ज हेल आणि जॉर्ज बॉरविक हे दोघे उभे होते. लेग साइडला सहा-सात क्षेत्ररक्षक, आखूड चेंडू अंगावर, आणि नियमांच्या पुस्तकात त्याविरुद्ध एक ओळ नाही. १४ जानेवारीला ॲडलेडमध्ये वुडफुल छाती धरून वाकला तेव्हा जार्डिन मोठ्यानं म्हणाला, ‘वेल बोल्ड, हॅरॉल्ड’; म्हणे समोरच्या टोकाला उभ्या ब्रॅडमनला ऐकू जावं म्हणून. आणि लारवूडच्या पुढच्या षटकात त्यानं क्षेत्ररक्षण सरळ लेगला वळवलं. तोवर ते नेहमीसारखंच होतं. पंचांनी काय करायचं? आभाळाकडे बघायचं.

मला ते आभाळाकडे बघणं ठाऊक आहे. एकदा आमच्या एका आंतरक्लब सामन्यात समोरच्या संघाचा अकरावा फलंदाज पंधरा वर्षांचा पोरगा होता. हेल्मेट तेव्हा एवढी सर्रास नव्हती. पहिला चेंडू त्याच्या कानाजवळून गेला. दुसरा खांद्यावर. मी कप्तानाला बोलावलं. तो हसत म्हणाला, ‘साहेब, नियमात कुठंय?’ तोवर नियम होता, पण ‘पंचाच्या मते’ असा होता, आणि माझं मत बनेपर्यंत तिसरा चेंडू पडून गेला होता. सुदैवानं तो यष्टीवर बसला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘नियमात कुठंय’ हा सवाल जार्डिननं विचारलेला नसेलही, पण तो त्याच्याच घराण्यातला.

आपल्याकडे हा सवाल जुनाच आहे. दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली तेव्हा नांगर उचलून धावलेला बलराम आठवा. गदायुद्धाचा गुरू तोच, नियम त्याचेच, आणि ऐन वेळी त्याचं ऐकणारं कुणी नाही. मला बलराम हा महाभारतातला पहिला पंच वाटतो.

आता तुमच्या गोष्टीच्या पुढचं.

बॉडीलाइननंतर जार्डिन पळून गेला नाही, लपला नाही, आणि त्याला कुणी काढलंही नाही. एमसीसीनं, म्हणजे तेव्हा इंग्लंडचं क्रिकेट चालवणाऱ्या क्लबनं, त्यालाच कप्तान ठेवलं. १९३३ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडला आला. ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत लिअरी कॉन्स्टंटाइन आणि मॅनी मार्टिंडेल यांनी इंग्लंडला त्यांचंच औषध पाजलं: लेगला माणसं आणि चेंडू बरगड्यांवर. जार्डिन खेळपट्टीवर उभा राहिला. बाजूला सरकला नाही, बॅट फिरवून सुटका करून घेतली नाही. चेंडू अंगावर घेत घेत १२७ धावा काढल्या. त्याच्या बावीस कसोट्यांतलं हे एकमेव शतक. तक्रार केली नाही. ज्या गोलंदाजीबद्दल ऑस्ट्रेलियानं एमसीसीला तक्रारीच्या तारा पाठवल्या तीच त्यानं मुकाट्यानं सोसली.

हे शतक तुमच्या गोष्टीत का येत नाही? मला वाटतं, ते आलं की खलनायकाचा रंग थोडा उतरतो, म्हणून. उतरू द्या ना. ज्यानं दुसऱ्याच्या बरगड्यांवर चेंडू टाकायला लावले त्यानं स्वतःच्या बरगड्याही पुढे केल्या, म्हणून ते चेंडू बरोबर ठरत नाहीत. पण माणूस भित्रा नव्हता, दुटप्पीही नव्हता, एवढं तर ठरतं. ब्रॅडमनला आखूड चेंडूंची भीती वाटते असा त्याचा समज होता. १९३० च्या ओव्हल कसोटीची चित्रफीत बघताना तो ‘सापडलं!’ असं ओरडला म्हणतात. दुसऱ्याच्या भीतीवर डाव मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या भीतीची किंमत मोजावी लागली आणि त्यानं ती रोख मोजली.

इथेच मला त्या शब्दाबद्दल बोलायचंय जो तुम्ही अलीकडे जार्डिनला चिकटवायला लागला आहात. ‘खडूस’. मलबार हिलवर जन्मला, म्हणून ‘मुंबईचा पहिला खडूस’! एका कार्यक्रमात हे ऐकलं आणि हातातला चहा सांडला. अहो, आपला खडूसपणा कुठून आला? लोकलच्या डब्यात किट बॅग डोक्यावर धरून उभं राहण्यातून. एका मैदानावर दहा सामने चालू असताना दुसऱ्याच्या पॉइंटला आपला मिडविकेट उभा करण्यातून. तीन तास बस, धावा नकोत, फक्त विकेट देऊ नकोस, या शिकवणीतून. मुंबईचा खडूस स्वतःचं अंग झिजवतो. समोरच्याला दमवतो, फोडत नाही. जार्डिनचा हट्ट विंचेस्टरच्या हिरवळीवर, सॉलिसिटरच्या कचेरीत आणि साहेबी रक्तात वाढला. ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या एका दिवशी तो दादर-परळच्या फलंदाजासारखा खेळला असं म्हणायचं तर म्हणा, मी आउट देणार नाही. पण नऊ वर्षं मलबार हिलच्या बंगल्यात राहिला म्हणून तो ‘आपला’ होत नाही. खलनायक करू नका म्हणतोय मी, जावई करा म्हणत नाही.

आणि आता ज्या भागासाठी मी खरं तर लिहायला बसलो तो भाग.

जार्डिनचा आणि आपला संबंध बॉडीलाइनच्या आधीच जुळला होता. २५ जून १९३२, लॉर्ड्स, हिंदुस्थानची पहिली कसोटी. इंग्लंडचे ३ बाद १९. निसार आणि अमरसिंग यांनी साहेबांची भंबेरी उडवली, हे तुम्ही छान सांगता. मग इंग्लंड सावरलं कुणामुळे? कप्तान जार्डिन, ७९. दुसऱ्या डावात पुन्हा जार्डिन, नाबाद ८५. दोन्ही डावांत इंग्लंडकडून सर्वाधिक धावा त्याच्याच. आपण १५८ धावांनी हरलो. पहिल्याच कसोटीत आपल्या आणि विजयाच्या मध्ये जो माणूस उभा राहिला तो मुंबईत जन्मलेला होता. ही ओळ एखाद्या चांगल्या लेखाची सुरुवात होऊ शकते, फुकट देतोय.

मग डिसेंबर १९३३. बॉडीलाइन संपून दहा महिने झालेत, जार्डिन एमसीसीचा संघ घेऊन हिंदुस्थानात आलाय आणि १५ तारखेला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भारतातली पहिली कसोटी सुरू होतेय. जिमखाना १८७५ चा, सभासद गोरे, एरवी हिंदी माणसाला तिथे सभासद म्हणून प्रवेश नाही. त्या चार दिवसांत तिथे तंबू ठोकले, माणूस माणसावर बसला. जन्मगावी, मलबार हिलपासून बसनं अर्ध्या तासाच्या अंतरावर, इंग्लंडचा कप्तान म्हणून जार्डिन नाणेफेकीला उतरला. समोर सी. के. नायडू.

आपला डाव २१९. इंग्लंड ४३८: व्हॅलेंटाइनचं पदार्पणात १३६, जार्डिन ६०. निसारनं पाच बळी घेतले ९० धावांत. मग दुसरा डाव, २ बाद २१ असताना नायडू मैदानात आले आणि त्यांच्याबरोबर बावीस वर्षांचा लाला अमरनाथ. १८६ ची भागीदारी, अमरनाथ ११८. भारताचं कसोटीतलं पहिलं शतक. लोक मैदानात घुसले, हार पडले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले म्हणतात. हे तुम्ही सांगता आणि फार रंगवून सांगता. माझ्याही अंगावर दर वेळी काटा येतो. पण तेवढंच सांगता. त्या वेळी समोरच्या बाजूला क्षेत्ररक्षण लावणारा माणूस कोण होता, हे सांगायचं राहतं. नुकताच ब्रॅडमनची सरासरी साडेछप्पन्नावर आणून आलेला माणूस! अमरनाथनं शतक ठोकलं ते जगातल्या त्या घडीच्या सगळ्यात निर्दय कप्तानासमोर. हे सांगितलंत तर शतकाची उंची वाढेल, कमी होणार नाही.

आणि त्याच दौऱ्यात आखूड माऱ्याचे चेंडू आपल्याही लोकांना लागले, हे तर तुमच्यातल्या कुणाच्याच तोंडून मी ऐकलं नाही. कलकत्त्याला पदार्पण करणाऱ्या दिलावर हुसेनच्या डोक्याला चेंडू लागला. तो बाहेर गेला, डोकं बांधून परत आला आणि दोन्ही डावांत अर्धशतकं काढली, ५९ आणि ५७. मद्रासला नाऊमल जाऊमल जखमी झाला. आपल्या बाजूनं निसार आणि अमरसिंग यांनीही परतफेड केली. ते काही हात जोडून गोलंदाजी करणारे नव्हते. पण ऑस्ट्रेलियात वुडफुल वाकला तर तारांवर तारा गेल्या, दोन देशांचे संबंध ताणले गेले, मंत्री बोलले. दिलावर हुसेनच्या डोक्यासाठी कुणी तार केली? बॉडीलाइनची गोष्ट तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या डोळ्यांनी सांगता. एकदा कलकत्त्याच्या पॅव्हेलियनमधून सांगून बघा.

त्या दौऱ्यात इंग्लंड एकच सामना हरलं. बनारसला, विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या संघाविरुद्ध, १४ धावांनी. कसोट्या मात्र २-० अशा घेतल्या. फेब्रुवारी १९३४ मध्ये मद्रासच्या चेपॉकवर तिसरी कसोटी संपली आणि जार्डिनची कसोटी कारकीर्दही. जन्म मुंबईचा, शेवटची कसोटी मद्रासची. मार्चअखेर लंडनच्या एका सायंदैनिकात त्याचं निवेदन आलं: येत्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळण्याचा आपला इरादाही नाही आणि इच्छाही नाही. वय तेहेतीस. २२ कसोट्या, १२९६ धावा, सरासरी बरोबर ४८. कप्तान म्हणून पंधरा कसोट्यांत नऊ विजय, एक पराभव. कुणी हाकललं नाही. पण ऑस्ट्रेलियाशी गोडीगुलाबी करायला निघालेल्या एमसीसीला तो आता अडचणीचा झाला होता, हे त्यालाही कळत होतं.

खरा बळी लारवूडचा गेला. नॉटिंगहॅमशायरच्या कोळसा खाणीत काम केलेला पोरगा, त्या मालिकेत ३३ बळी घेणारा. त्याला सांगितलं, माफी माग. तो म्हणाला, कप्तानानं सांगितलं तसं मी टाकलं, माफी कसली? इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही. साहेबांच्या पोरानं आपणहून बॅट ठेवली, मजुराच्या पोराला उंबऱ्याबाहेर काढलं. क्रिकेटमध्ये नेहमी असंच होतं असं नाही, पण बरेचदा होतं. जार्डिननं त्याला दिलेला चांदीचा ॲशट्रे मात्र राहिला. त्यावर कोरलंय: ‘हॅरॉल्डला, ॲशेससाठी, कृतज्ञ कप्तानाकडून’. ‘ॲश’चा श्लेष तुमच्या लक्षात आलाच असेल. त्या तुटक माणसाच्या विनोदाचा हा एवढाच पुरावा मला ठाऊक आहे, आणि तो मला आवडतो.

हेडली व्हेरिटीनं आपल्या मुलाचं नाव डग्लस ठेवलं ते याच कप्तानावरून. भारतातल्या त्या तीन कसोट्यांत २३ बळी घेणारा हा डावखुरा फिरकीवाला पुढे लष्करात गेला आणि १९४३ मध्ये इटलीत जखमांनी मेला. ज्या माणसाला अवघं ऑस्ट्रेलिया शिव्या घालत होतं त्याचं नाव त्याचा गोलंदाज आपल्या पोराला देतो, याची सांगड कशी घालायची ते तुम्ही बघा. मी मैदानावर एवढंच पाहिलंय की कप्तानाबद्दल खरं विचारायचं असेल तर त्याच्या गोलंदाजाला विचारावं, प्रतिस्पर्ध्याला नाही आणि निवड समितीला तर नाहीच.

लष्कर म्हटलं की जार्डिनही आलाच. १९३९ मध्ये तो रॉयल बर्कशायर रेजिमेंटच्या टेरिटोरियल पलटणीत अधिकारी झाला. फ्रान्सला गेला, डंकर्कमधून परतला. आणि त्यानंतर त्याची बदली कुठे झाली म्हणता? क्वेट्टा! मग सिमला. हुद्दा मेजर, खातं लष्कराच्या रसदीचं. मैदानावर सात माणसं लेगला लावणारा हा माणूस महायुद्धात धान्याच्या पोत्यांचा आणि डब्यांचा हिशेब ठेवत होता. हिंदुस्थानी भाषा तो चांगली बोलायला लागला. ब्रिस्बेनच्या कसोटीत घसा सुजून इस्पितळात पडलेल्या एडी पेंटरला खेळवायचं की नाही असा प्रश्न निघाला तेव्हा जार्डिन म्हणाला होता म्हणे, ‘अंगात ताप घेऊन कंदाहारला कूच केलेल्या लोकांचं काय?’ पेंटर इस्पितळातून उठून आला आणि त्यानं ८३ धावा काढल्या. कंदाहारचा दाखला देणारा तो कप्तान दहा-बारा वर्षांनी स्वतः कंदाहारच्या वाटेवरच्या छावणीत बसून लिहीत होता, कुठल्या पलटणीला किती पोती. मैदानावरच्या बढाईची युद्धानं कशी हजेरी घेतली असेल, ते त्याचं त्याला माहीत.

मग धंदा. हा भाग मी भरभर सांगतो, कारण त्यात चमचमीत काही नाही. लढाईनंतर कागद बनवणाऱ्या एका कंपनीचा सेक्रेटरी. वकिली तो आधीच शिकलेला होता, चार मुलं होती, पगार लागत होता. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या जमिनींचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीचा संचालक. आणि त्या कामासाठी १९५३ मध्ये तो कुठे गेला? ऑस्ट्रेलियाला. वीस वर्षांनी. ज्या देशात प्रेक्षकांनी त्याला माशा मारू दिल्या नव्हत्या (‘आमच्या माशांना हात लावू नकोस’ असं कुणीतरी ओरडलं होतं, तो किस्सा तुम्ही सांगताच), तिथे तो सूट घालून जमिनीची कागदपत्रं बघायला उतरला. आणि लोक त्याच्याशी नीट वागले. त्यालाच आश्चर्य वाटलं. बॉडीलाइनमध्ये त्याचा मारा सोसलेला जॅक फिंगल्टन त्याचा यजमान होता. एका मालिकेचं वैर दोन म्हातारे चहाच्या टेबलावर कसं संपवतात याची गोष्ट तुम्ही कधीच सांगत नाही.

आता माझ्या मते या आयुष्यातला सगळ्यात मजेदार चेंडू. १९५३ मध्येच इंग्लंडात क्रिकेट पंचांची संघटना स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष कोण? डग्लस जार्डिन. हो, तोच. ज्याच्या डावपेचांमुळे १९३४ च्या अखेरीस एमसीसीला ठरवावं लागलं की फलंदाजाच्या अंगावरचा थेट हल्ला गैर आहे आणि तो ओळखून थांबवणं ही पंचांची जबाबदारी, त्याच माणसाला पंचांनी आपला अध्यक्ष केलं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चश्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या अड्ड्यावर सांगितलं तर पैज लागली. मी जिंकलो, दोन प्लेट भजी.

पण विचार केला तर नवल नाही. नियमाच्या काठावर उभं राहून नियम कुठे फाटतो ते ज्यानं जगाला दाखवलं, त्याला नियमांची किंमत कळली नसेल असं कशावरून? चोराला तिजोरीवर बसवलं असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, तिजोरी कुठून उघडते ते त्याला ठाऊक होतं. १९५७ मध्ये नियम आला, लेगला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक नकोत. बॉडीलाइनच्या क्षेत्ररचनेची वाट त्यानं पुरती बंद झाली, आणि त्या वेळी जार्डिन जिवंत होता.

फार दिवस नव्हता. त्याच साली तो मुलीबरोबर ऱ्होडेशियाला गेला, तिथे आजारी पडला, परतल्यावर तपासण्यांत कर्करोग निघाला. १८ जून १९५८ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या रुग्णालयात गेला. वय सत्तावन्न. राख स्कॉटलंडमध्ये पर्थशायरच्या एका डोंगरावर उधळली.

तर मंडळी, मागणं एवढंच. पुढच्या वेळी बॉडीलाइन सांगाल तेव्हा अर्धा तास जास्त घ्या. ओल्ड ट्रॅफर्ड सांगा, कलकत्ता सांगा, क्वेट्टा सांगा, पंचांची संघटना सांगा. लोकांना लांब ऐकवत नाही हे मला पटत नाही. पाच दिवसांची कसोटी बघणारी माणसं आहोत आपण. १५ डिसेंबर २०३३ ला जिमखान्याच्या कसोटीला शंभर वर्षं होतील. तेव्हा तुमच्यातले सगळे जण अमरनाथवर तुटून पडणार हे मी आजच लिहून देतो. पडा. पण त्या अकरांत दोन माणसं अशी आहेत ज्यांचं नाव जार्डिनच्या नावाइतक्याच मोठ्या आवाजात घ्या.

एक जनार्दन नवले, यष्टिरक्षक. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचा. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळलेला हा मराठी माणूस म्हातारपणी साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी करत होता म्हणतात. जार्डिनला निदान खलनायक म्हणून तरी जग ओळखतं.

दुसरे रुस्तमजी जमशेटजी. पारशी, डावखुरे फिरकी गोलंदाज, ती त्यांची पहिली आणि शेवटची कसोटी. १३७ धावा देऊन तीन बळी. पदार्पणाच्या दिवशी त्यांचं वय ४१ होतं, ४० नाही. दोन ठिकाणी चुकीचं ऐकलं म्हणून सांगतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मैदानावरचा एक निवृत्त पंच

ता. क. : नाव ‘जार्डाइन’ असं उच्चारू नका. जार्डिन. आमच्या स्कोअररनं पैज हरल्यावरही शेवटपर्यंत ते मान्य केलं नाही.